कॅबिनेटमधली जास्तीची खुंटी

बाबा, मागच्या वेळी या वहीत मी तुम्हाला लिहिलं होतं की घरच्या कॉम्प्युटरला आणलेला नवा मदरबोर्ड मुळातच खराब निघाला आणि काकांनी तो लगेच बदलून दिला. काकांनी बदलून दिला एवढंच त्यात खरं आहे. बोर्ड चांगला होता. तो माझ्या हातून जळला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तुम्ही काही विचारायला येणार नाही, तरी मी तुमच्याशीही खोटं लिहिलं. ते पान फाडणार होते. मग वाटलं, राहू दे तसंच, त्याच्या खाली हे लिहावं.

कॉम्प्युटर साधाच आहे, कंपनीने जोडून विकलेला, त्यातल्या त्यात स्वस्त. आईच्या शिकवणीचे पेपर त्यावर टाइप होतात. उन्हाळ्यात तो बंद पडला. पंखा फिरायचा, पडद्यावर काही नाही. मी तुमच्या पद्धतीने एकेक गोष्ट काढून पाहिली आणि शेवटी तो बूढापाऱ्याला तुमच्या दुकानात नेला. आता तिथे तुमचे भागीदार काका एकटेच बसतात. त्यांनी दुसरी पॉवर सप्लाय लावली, मान हलवली. "बोर्ड गया बेटा. कंपनी का अब मिलेगा नहीं, दूसरा बिठाना पड़ेगा." नवा बोर्ड त्यांनी माझ्यासमोर टेबलावर तासभर चालवला. बसवूनही देत होते, मीच नको म्हटलं. समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांना काका सांगत होते, "इसके बाबा का हाथ है इसके पास." ते ऐकून मला किती बरं वाटलं हे आता लिहायला लाज वाटते. निघताना ते म्हणाले, "नीचे की पीतल की खूंटियाँ गिन लेना. कंपनी वाले डिब्बे में एकाध ज़्यादा रहती है." मी म्हटलं, "हव काका."

कॅबिनेटच्या तळाला बोर्ड ज्यांच्यावर टेकवून स्क्रू लावतात, त्या खुंट्या मी मोजल्या नाहीत. तुम्ही काय करायचात ते मला पाठ आहे: वहीच्या कागदावर बोर्डाचा चौकोन काढायचा, जो स्क्रू जिथून निघेल तो कागदावर त्याच जागी टोचायचा, आणि कागद भरल्याशिवाय पुढे हात लावायचा नाही. शाळेत घालायच्या आधी मी आकडे त्या स्क्रूंवरच शिकले, आणि इंग्रजी अक्षरं बोर्डांवर छापलेली वाचून. तरी त्या रविवारी मी कागद घेतला नाही. आई स्वयंपाकघरातून विचारते, "झालं का गं?" मी म्हणते, झालंच, आणि बटण दाबते. पंखा अर्धा फेरा फिरून थांबतो. करपल्यासारखा वास येतो. बोर्ड काढून पाहिला तर मागे एक काळा ठिपका, मोहरीएवढा, आणि बरोबर त्याच्या खाली कॅबिनेटमध्ये एक खुंटी, जिला नव्या बोर्डात भोकच नव्हतं; ती थेट मागच्या सर्किटला टेकली होती. मी ती खुंटी फिरवून काढली आणि पर्समध्ये टाकली. काहून टाकली ते मला तेव्हाच कळत होतं.

सोमवारी काकांना म्हटलं, "लगाया, तो चला ही नहीं." त्यांनी बोर्ड उलटसुलट केला, चष्मा कपाळावर ढकलून डोळ्यांजवळ नेला. ठिपका त्यांच्या अंगठ्याखालीच होता. त्यांना दिसला नाही. थोडा वेळ ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "यहाँ तो चल रहा था. पैक करते समय मुझसे ही कुछ हुआ होगा." मग फळीवरून दुसरा बोर्ड काढून दिला. मी तो घेतला. घरी खुंट्या मोजल्या, कागदावर लिहिल्या, तो उत्तम चालू आहे. आईचे सहामाहीचे पेपर त्यावरच झाले.

मला अभनपूरचा तो दिवस सारखा आठवतो. मी आठ वर्षांची. तिथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर तुम्ही दुरुस्त करून दिला आणि तो दोन दिवसांत जळला. तो फोनवर लाइटीला शिव्या घालत होता. तुमच्या टेबलावरच्या कागदावर एका स्क्रूच्या जागी टोचल्याचं भोकच नव्हतं. तुम्ही भर दुपारी शटर ओढलं, मला स्कूटरवर मागे बसवून त्याच्याकडे नेलं. तो म्हणत होता, "अरे भैया, वोल्टेज से गया होगा, छोड़ो." आणि तुम्ही उभ्याउभ्याच, "नहीं, पेंच मेरे से अंदर छूट गया था." परतताना मी विचारलं, तो तर लाइटीमुळेच म्हणत होता, मग काहून सांगितलं?  तुम्ही म्हणालात, "तो आता जिंदगीभर लाइटीवर शक घेत बसला असता. मले माहीत होतं ना पोट्टी."

परवा आई भाजी घेऊन येताना दुकानापाशी थांबली होती. येऊन सांगते, "काका काम बंद करून राहिले. नुसते माऊस न् वायरी विकीन म्हणतात." मी विचारलं, का. "म्हणे हातावर भरवसा नाही राहिला. टेबलावर चांगला चालणारा बोर्ड पॅक करता करता घालवला म्हणे. तुझ्या बाबाचं सोल्डरिंगचं सामान पण उरला गावच्या एका माणसाला देऊन राहिले, येत्या रविवारी नेणार आहे तो." आई कोथिंबीर निवडत होती. "वय झालं बिचाऱ्याचं," म्हणाली. मी तिथे उभी होते, बाबा, आणि मी आईलाही काही सांगितलं नाही.

 काका मला रागावतील याची भीती नाही, रागावले तर बरंच. भीती आहे ती ते हसून "कोई बात नहीं बेटा" म्हणतील आणि माझ्यावर विश्वासच ठेवणार नाहीत याची. त्यांना वाटेल, त्यांचं मन राखायला ही गोष्ट रचून आलेय. म्हणून खुंटी बरोबर नेणार आहे. जळलेला बोर्ड त्यांनी फळीवरच ठेवलाय असं आई म्हणाली. खुंटी त्या ठिपक्यावर ठेवून, त्यांचं बोट धरून त्यावर टेकवीन.

खरं सांगायचं तर आज संध्याकाळी जायला निघाले होते. चप्पल घातली होती. मग वाटलं, आधी तुम्हाला लिहावं, आणि हे लिहिता लिहिता दुकान बंद व्हायची वेळ झाली, हे मला लिहीत असतानाही कळत होतं. उद्या बुधवार, त्यांचं दुकान बंद असतं. गुरुवारी, अकरा वाजता, ते शटर उचलतात तेव्हा.