मोतीबिंदू पिकायची वाट

गुरुजी,

तुम्ही असतात तर आज मी तुमच्याशी भांडायला आलो असतो. ओट्यावर बसून आधी चहा घेतला असता, बाईंची तब्येत विचारली असती, आणि मग भांडलो असतो. तुमच्या हयातीत तुमच्यासमोर कधी आवाज चढवला नाही. सातवीतून शाळा सोडून मी जीपवर क्लीनर म्हणून चढलो आणि तुम्ही भर बाजारात मला बोललात, तेव्हासुद्धा मान खालीच होती. पण आता मीच सत्तरीला आलो आहे. छातीत उगीच धडधडतं, कशाचीही काळजी लागून राहते, आणि कुणाचाही राग आला तरी तो फिरून फिरून तुमच्यावरच येतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचं बोलणं अजून गावागावांत मुक्काम ठोकून आहे. माझी तक्रार तीच आहे.

पारोळ्याला हल्ली हिवाळ्यात महिनाभर डोळ्यांचं शिबिर भरतं. परदेशातून डॉक्टर येतात, रजा काढून, पदरचं भाडं भरून. तपासणी आणि चष्मे इथे, ऑपरेशन धुळ्याच्या दवाखान्यात, सगळं फुकट. मी काळीपिवळी चालवायची सोडली तरी जीप विकली नाही, म्हणून खेड्यांतून माणसं आणायचं काम मी अंगावर घेतलं. घेतलं आणि पस्तावलो. या वर्षी पहिल्या दिवशी सकाळपासून गावं पालथी घातली आणि मोजकी माणसं घेऊन आलो. त्यातल्या एकाला गुडघा दाखवायचा होता. दुसरा म्हणाला, जेवण असतं असं ऐकलं होतं. शिबिराचं सगळं बघणारी मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, “आबा, तुम्ही जीप भरून आणतो म्हणाला होतात.” आत ती परदेशी डॉक्टरीणबाई, अर्धं जग ओलांडून आलेली, मांडीवर हात ठेवून मोकळ्या खुर्चीकडे बघत बसली होती. आपल्या घरी पाहुणा यावा आणि चूल पेटलेली नसावी, तसं मला झालं.

आणि माणसं नव्हती असं नाही. दर गल्लीत भिंत चाचपत चालणारं कुणीतरी आहेच. पण दारात उभं राहून विचारलं की एकच उत्तर. मोतीबिंदू अजून पिकला नाही. पुढच्या वर्षी बघू, पिकला की येऊ. एका म्हाताऱ्याने खाटेवरूनच मला सुनावलं, “अहो आबा, तुम्हीच सांगत होता ना भोंग्यावरून? आता तुम्हीच उलटं बोलता. कमिशन मिळतं का?” त्याच्या सुना तोंडाला पदर लावून हसल्या. मी जीपमध्ये येऊन बसलो आणि बराच वेळ चावी फिरवली नाही. कारण म्हातारा खरं बोलत होता. भोंगा माझ्या जीपवर होता आणि वाक्य तुमचं होतं.

आठवतंय ना तुम्हाला? दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही शाळेत शिबिर भरवायचात. वर्गांतली बाकं बाहेर काढून पेंढ्यावर सतरंज्या टाकायच्या. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, चावायचं नाही. बाई तुमच्या घरच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात मऊ खिचडी शिजवतात आणि मी ती जीपमधून शाळेत आणतो, पातेलं हिंदकळू नये म्हणून बैलगाडीच्या वेगाने. तुम्ही दारात बॅटरी घेऊन उभे. येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यात उजेड टाकायचात. बाहुली ज्वारीच्या दाण्यासारखी पांढरी दिसली तर आत, नाहीतर परत. ऑपरेशन करायला मोठ्या गावाहून येणारे डॉक्टर तुम्हाला म्हणायचे, गुरुजी, तुमची निवड चुकत नाही.

एकदा मी सातपुड्याच्या पायथ्याकडचा एक माणूस आणला होता. तो डिंक आणि मोहाची फुलं गोळा करून पोट भरणारा, आणि झाडावरचं काही दिसेना म्हणून हवालदिल झालेला. तुम्ही बॅटरी मारली आणि म्हणालात, कच्चा आहे, पुढच्या वर्षी. मी मध्ये पडलो. म्हणालो, गुरुजी, एवढ्या लांबून आलाय, करून टाका. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत. “तू गाडी चालव. डोळे मी बघतो. कच्चा काढला तर याचं आहे तेही जाईल, मग त्याच्या बायकोला तोंड तू दाखवशील का?” त्या दिवसापासून मी भोंग्यावर ते वाक्य जोरात म्हणू लागलो. ज्यांचा मोतीबिंदू पिकला असेल त्यांनीच यावे. वर्षानुवर्षं म्हणालो. आवाज माझा चांगला होता, तुम्हीच म्हणायचात.

माझ्या अक्काचे मालक, आमचे दाजी, त्यांनाही तुम्ही दोनदा परत पाठवलं होतं. अक्का तेव्हा चिडली होती. तिसऱ्या खेपेला तुम्ही त्यांना आत घेतलं, आणि जाड भिंगाचा चष्मा लागल्यावर दाजी स्वतःच्या पायांनी शेतात गेले. त्यानंतर अक्काने देवाचं एक वेळ ऐकलं नसेल, तुमचं ऐकलं. दाजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. माझी बायको आधीच गेलेली, मुलगा सुरतेला. आम्ही दोघं म्हातारे एकमेकांवर चिडत दिवस काढतो. आणि गेली काही वर्षं अक्काचे दोन्ही डोळे जात होते, आणि अक्का तुमच्या शब्दाखातर ते पिकायची वाट बघत बसली होती.

तिचं लपवणं बघायला हवं होतं तुम्ही. भाकरी ती आवाजावर भाजते. पापुद्रा सुटल्याचा बारीक आवाज आला की उलटते. तांदूळ बोटांनी निवडते. माणूस पावलावरून ओळखते आणि वर नाव घेऊन हाक मारते, म्हणजे समोरच्याला वाटावं हिला लांबूनच दिसलं. मी समोर बोटं धरून किती म्हणून विचारलं की म्हणायची, तुझ्या मास्तरनेच तुला मोजायला शिकवलं नाही का? पण भाजीत मीठ दोनदा पडायचं. मनगटावर तव्याचे डाग एकावर एक. मी दिवसभर तिच्या मागे मागे, चूल विझवली का, पायरी सांभाळ, आणि ती वैतागून म्हणायची की तुझ्या धाकानेच मी पडेन.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी तिला जवळजवळ ओढतच नेलं. परदेशी बाईने तपासलं, मग धुळ्याच्या आमच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं, आणि दोघी हळू आवाजात बोलू लागल्या. धुळ्याच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, डावा डोळा वाट बघून बघून गेला आहे. मोतीबिंदू इतका जुना झाला की डोळ्यात दाब वाढला आणि आतली नस मेली. उजवा अजून वाचेल, पण या आठवड्यात यायला हवं. मी म्हणालो, पण पिकल्याशिवाय काढू नये ना? मग त्यांनी मला समजावलं. त्या काळी डोळ्यातलं भिंग अख्खं काढावं लागायचं, आत नवीन बसवत नव्हते, म्हणून थोडं दिसणाऱ्याला उगीच आंधळं करण्यापेक्षा थांबणं शहाणपणाचं होतं. आता बारीक छेद घेऊन आत भिंग बसवतात. आता थांबलं की नुकसानच. म्हणाल्या, “तुमचे गुरुजी चुकीचं सांगत नव्हते. त्या वेळी तेच बरोबर होतं.”

गुरुजी, तुम्ही चुकला असतात तर मला सोपं गेलं असतं. चुकलेल्या माणसावर राग काढता येतो. तुम्ही बरोबर होतात, औषध बदललं, आणि बदललं हे सांगायला या खेड्यांत कुणी भोंगा घेऊन फिरलं नाही. मीही नाही, कारण मला कुठे माहीत होतं. परदेशी बाई काहीतरी म्हणाली. शिबिरातल्या त्या मुलीने सांगितलं, त्या म्हणतात, आफ्रिकेत आणि नेपाळातल्या शिबिरांतही हेच बघितलं, माणसं पिकायची वाट बघत घरी बसतात. म्हणजे तिकडेही कुणी गुरुजी असणार आणि त्यांचा कुणी ड्रायव्हर असणार. मला याने धीर यायला हवा होता. मला अजूनच थकल्यासारखं झालं.

अक्का मात्र हलायला तयार नाही. घरी आल्यावर मी रागावलो, हात जोडले, एक दिवस जेवलो नाही. मुलाला फोनवरून बोलायला लावलं. ती त्याला म्हणाली, तू आधी सुट्टी काढून घरी ये, मग मला शिकव. ओट्यावर बसून ती तुरीच्या शेंगा सोलत होती आणि मला म्हणाली, “आजून पिकना नही, भाऊ. गुरुजीनी सांगेल शे. तू काय डॉक्टर व्हयना का?” आणि दाणा समजून टरफल टोपलीत टाकलं, दाणा खाली. मी ते बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणालो, गुरुजींनीच सांगितलं आहे, आता थांबायचं नाही म्हणून. ते पाचोऱ्याला मुलाकडे आजारी होते तेव्हा मी भेटायला गेलो होतो ना, तेव्हा मला जवळ बसवून म्हणाले, औषध बदललं आहे, लोकांना सांग, आता पिकू देऊ नका.

भेटायला मी गेलो होतो हे खरं. पण तुम्ही काय बोललात ते तुम्हाला माहीतच आहे. अर्धांगवायूने तुमची जीभ हलत नव्हती. मी तुमचा हात हातात घेऊन डिझेलचे भाव सांगत बसलो होतो आणि तुम्ही खिडकीकडे बघत होतात. अक्काचे हात शेंगांवर थांबले. तिने विचारलं, कधी सांगितलं? कसे दिसत होते? मी सांगत गेलो. पांढरा सदरा होता, चहा घेतला, बाई शेजारी बसल्या होत्या. मला थांबताच येईना. तिने शेंगांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाली, उद्या जाऊ. आणि लुगडं कोणतं नेसावं याची चिंता करू लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला निघालो. ती पुढे माझ्या शेजारी बसली होती. मी वेग वाढवत नव्हतो. तिला खोकला आहे, ऑपरेशनच्या वेळी खोकली तर काय, साखर वाढली तर काय, असं सगळं डोक्यात चाललं होतं. अर्ध्या वाटेत तिने एकदम विचारलं, “गुरुजीनी वाचा तं गयेल व्हती ना रे?” मी रस्त्याकडेच बघत राहिलो. ती म्हणाली, तुम्ही वारल्यावर ती बाईंना भेटायला गेली होती, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं होतं, शेवटचं वर्षभर तोंडातून एक शब्द नाही म्हणून. “मंग त्या कसा बोलनात?” पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि जीप कडेला थांबली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून मला शिवी दिली. अक्काने पदर सारखा केला. “आते निंघनूत तं निंघनूत,” ती म्हणाली. “चालाड गाडी.”

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती खोकली नाही. सकाळी पट्टी काढली तेव्हा तिने आधी छताचा पंखा बघितला, मग नर्सबाई, मग मला. मला वाटलं आता काहीतरी मायेचं बोलेल. ती म्हणाली, “सदरा कितला मळेल शे रे तुना. मी धुवस ना रोज?” आणि बोलता बोलता बाहीवरच्या डागावर तिचं बोट थांबलं. इतके महिने आपण काय धुतलं हे तिचं तिला कळलं. नर्सबाई हसली, मी हसू शकलो नाही. हल्ली ती कधीकधी उजवा डोळा हाताने झाकते आणि नुसत्या डाव्याने दाराकडे बघत राहते. मग हात काढून कामाला लागते. एका शब्दाने तक्रार करत नाही, आणि त्यामुळे माझा राग मुरतच जातो. कुणाचं कुठे चुकलं ते सापडत नाही. सापडलं असतं तर निदान झोप लागली असती.

पण माणसं येतात आता, गुरुजी. शिबिरवाल्यांनी मला सोनगीरकडची गावं दिली. तिथे तुम्ही नोकरीला होतात, जुनी माणसं अजून तुमचं नाव काढतात. मी जीपवर पुन्हा भोंगा बांधला आणि सांगत सुटलो की गुरुजींनी निरोप ठेवला आहे, मोतीबिंदू आता पिकू द्यायचा नाही, कच्चाच दाखवायचा. डॉक्टर सांगून थकले, पण तुमचं नाव घेतलं की म्हातारी माणसं काठी शोधू लागतात. जीप दोनदा भरली. ती परदेशी बाई खूश झाली आणि तिने शिबिरातल्या मुलीकरवी मला विचारलं, हे गुरुजी कोण, त्यांना शिबिराला बोलावता येईल का? मी म्हणालो, पाचोऱ्याला असतात, प्रवास झेपत नाही.

हे पत्र पाचोऱ्याच्या पत्त्यावर टाकलं तर तुमच्या मुलाच्या हातात पडेल आणि तो बिचारा कोड्यात पडेल, म्हणून टाकणार नाही. तुमच्या नावावर बोलायचं तर आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, म्हणून लिहायला बसलो होतो. पण उद्या सकाळी पुन्हा सोनगीरला जायचं आहे, आणि खरं सांगायचं तर तुम्ही नको म्हणाला असतात तरी मी ऐकलं नसतं.