जेटी उघडली, पण तुझ्या दोरीला नाही

प्रिय मामा,

परवा शनिवारी पुन्हा बैठक आहे. त्याच कम्युनिटी क्लबात, बहुधा त्याच खोलीत. आपल्या जेटीवर मासे धरायची परवानगी वर्षभरासाठी, चाचणी म्हणून दिली होती ना? आता ती कायम करायची की बंद, हे ठरणार. काल जेटीवरच्या आपल्या आ हेंगचा फोन आला. "यू टॉक लाह! लास्ट टाइम यू टॉक सो नाइस."

नाइस! फोन ठेवला आणि तुझ्या बाटलीकडे बघत बसलो.

तुझ्या तेराव्यानंतर मामीने ती मला दिली. पाण्याची साधी प्लास्टिकची बाटली, तिच्यावर तंगुसाची नायलॉन दोरी गुंडाळलेली, टोकाला शिसं आणि गळ. हीच तुझी हातदोरी. तुझे कपडे, चष्मा, रेडिओ सगळं तिने जपून ठेवलंय. ही एवढी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "ही तुझ्याकडेच बरी." मामीला तू काही सांगितलं होतंस का रे? की नुसतं माझं तोंड बघूनच तिला कळलं?

तेराव्याला सगळे तुझ्याविषयी बोलले. मी गप्प होतो. लोकांना वाटलं, भाच्याला भरून आलं असेल. ते खरं नव्हतं. बोलायला लागलो असतो तर त्या बैठकीपाशी येऊन अडलो असतो.

मी सिंगापूरला आलो तो पहिला रविवार. वुडलँड्सच्या तुझ्या फ्लॅटमधून तू मला देऊळ, म्युझियम काही दाखवायला नेलं नाहीस. थेट जेटीवर. समोर मलेशियाचं जोहोर, खाली मचूळ पाणी, आणि कठड्याच्या अगदी टोकाचा तो कोपरा. दोरी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "रायगड सुटलं म्हणून रडू नको. जिताडा इथेही आहे. इथले लोक त्याला सियाकाप म्हणतात. म्हणू देत, रस्सा आपलाच!"

माझ्या बोटांना काही कळेना. तू माझं मनगट धरलंस. "डोळ्यांनी नाही रे, बोटाने बघ. लाट ओढते तेव्हा दोरी जड होते. मासा ओढतो तेव्हा ती जिवंत होते."

नंतर मी रॉड घेतला, रील घेतलं. व्हिडिओ बघून गाठी शिकलो, पुस्तकं वाचून भरती-ओहोटी शिकलो. इंजिनंही तशीच शिकलो होतो, उघडून, मोडून, पुन्हा जोडून. ना डिग्री, ना डिप्लोमा, आणि आज शिपयार्डमध्ये पदवीधर पोरं मला विचारून बोल्ट आवळतात. "कुणाच्या हाताखाली शिकलो नाही," असं मी चारचौघांत सांगायचो. तुझ्यासमोरही! तू नुसता हसायचास. एकदा तरी म्हणायचं होतंस, मामा, की याला पहिली गाठ मी बांधून दिली.

मग ती गोष्ट घडली. कुणीतरी मागे न बघता रॉड झोकला आणि धावायला आलेल्या एका बाईच्या दंडात गळ रुतला. आठवड्याभरात पाटी लागली, मासे धरण्यास मनाई.

सार्वजनिक जेटी, सगळ्यांच्या मालकीची, आणि आपण तिथून चोरासारखे परतलो. माझं डोकं सणकलं. आ हेंगला गाठला, चाळीसेक माणसं गोळा केली. दर रविवारी जेटी झाडायचो. दुखऱ्या खांद्याने वाकून तू लोकांच्या तुटक्या दोऱ्या गोळा करायचास. जहाजावर दोरखंड सुटून तो खांदा कायमचा गेला होता. तुझा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. रॉड झोकणं तुला या जन्मी शक्य नव्हतं, आणि हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मी जेटीचा नकाशा काढला. टेप घेऊन प्रत्येक खांब मोजला. धावणाऱ्यांची वाट कुठे, रॉडवाले कुठे, दोन माणसांत अंतर किती. तू चहा पीत बघायचास आणि चिडवायचास, "काय मिलिमीटर, खेकड्यांना पण जागा आखून दिलीस का?"

त्या बैठकीत मी छान बोललो. खोटं कशाला सांगू, मला स्वतःलाच मी आवडलो. अधिकारी बाई मान डोलावत होत्या. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "अँड हँडलाइन? तेही हवं का?"

त्यांच्या टेबलावर फोटो होते. गुंतलेल्या दोऱ्या, दोन-तीन जुन्या बाटल्या. माझ्या शेजारी महागड्या रीलवाली माणसं बसली होती. आणि तू तिसऱ्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत काय आहे, ते मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "नो नीड, मॅडम. ओल्ड स्टाइल. नोबडी यूजेस नाऊ."

नोबडी, मामा!

वर हे माझ्याच माहितीच्या विरुद्ध. हातदोरी सरळ खाली जाते. ती मागे झोकावी लागत नाही, कुणाच्या दंडात गळ जात नाही. जे घडलं ते रॉडने घडलं. अर्ध्या मिलिमीटरसाठी माणसांशी भांडणारा मी, हे सांगायला विसरलो नव्हतो. मला लाज वाटली. त्या बाटलीची. असल्या माणसांत ती गावठी दिसेल, आणि तिच्यामागे मीही गावठी दिसेन, याची.

तू उठून बोलायला हवं होतंस. माझा रागच आहे तुझ्यावर त्याबद्दल! इंग्रजी तुला येत होतं, बंदरोबंदरी भांडलेला माणूस तू. एक हात वर केला असतास, डावा, तरी पुरे होतं. पण तसं केलं असतंस तर भाच्याचं हसं झालं असतं, म्हणून नाही केलंस. हो ना?

परतताना बसमध्ये मी सुरुवात केली, "मामा, ते हँडलाइनचं..."

"जेटी उघडली ना? मग झालं." जरा वेळाने तू माझ्या हातातला नकाशा उघडलास, चष्मा वर केलास आणि हसत विचारलंस, "बरं मिलिमीटर, यात मी कुठे बसतो ते दाखव."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तूही पुन्हा विचारलं नाहीस.

परवानगी फक्त रॉडला मिळाली. पाटी निघाली त्या दिवशी तू नुसता माझ्या माशाखाली जाळी धरायला आलास. आ हेंगने विचारलं, "अंकल, व्हाय यू नो फिशिंग आह?" तू म्हणालास, "शोल्डर पेन." त्याने मान हलवली. खोटंही नव्हतं ते.

माझ्या रॉडला जिताडा लागला, चांगला हातभर. सगळे ओरडत होते. तू जवळ सरकलास, "जरा बघू दे," म्हणालास आणि माझ्या ताणलेल्या दोरीवर एक बोट ठेवलंस. डोळे मिटलेस. मासा वर येईपर्यंत तसाच उभा होतास.

त्यानंतर मी किती मासे धरले, एकाची चव आठवत नाही. तुझं ते बोट आठवतं.

परवाच्या बैठकीला काय बोलायचं ते मी आ हेंगला सांगून टाकलं. तो भडकला. "डोन्ट स्पॉइल एव्हरीथिंग लाह! दे सी बॉटल, दे क्लोज अगेन, हाऊ?" त्याची भीती चूक नाही. आता कुठे सगळं जुळलंय. पुन्हा विषय काढला तर परवानगीच अडकू शकते, आणि मग चाळीस माणसं मला शिव्या घालतील.

घालू देत. तुला तर मला शिवी द्यायचीही सोय मी ठेवली नव्हती.

मामा, शब्द देतो. परवा ही बाटली मी पिशवीत नाही, टेबलावर ठेवणार. म्हणेन, मॅडम, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. हातदोरी वापरणारा माणूस तेव्हा याच खोलीत तिसऱ्या रांगेत बसला होता, आणि तो माझा मामा होता. त्यांनी नाही म्हटलं तर पुढच्या बैठकीत पुन्हा म्हणेन. हो म्हणेपर्यंत माझा रॉड जेटीवर येणार नाही. दुसऱ्यांची जाळी धरीन.

नकाशा नव्याने काढलाय. टोकाचा कोपरा, शेवटच्या खांबाच्या डावीकडे. धावणाऱ्यांची वाट तिथून लांब आहे, पाणी खोल आहे, आणि बसलेल्या माणसाला हात कानाच्या वर न्यावा लागत नाही. सगळं मोजून बघितलंय.

इथे बसतोस तू.

तुझाच भाचा,
मिलिमीटर