ड्राय डेला भोसरी ते रावेत

भाऊ,

काल गांधी जयंती होती, म्हणजे ड्राय डे, म्हणजे आपला सण. दसरा-दिवाळीला आपण काऊंटरमागे उभं राहून लोकांचे ग्लास भरायचो. सरकारनं बाटलीला कुलूप लावलं की मगच आपल्याला दिवसाचं ऊन दिसायचं. मी नवीन लागलो होतो तेव्हा पहिल्याच ड्राय डेला तुम्ही सकाळी सकाळी माझ्या खोलीवर स्कूटर घेऊन आलात. पुढं तुमचा धाकटा पोरगा उभा, हँडलला धरून. "चल, बस मागं. गाव दाखवतो." आणि दिवसभर खायला घातलंत. भोसरीत पोहे, चाकणच्या वाटेवर पिठलं-भाकरी, देहूरोडला चहा-खारी, मग डोंगराच्या पायथ्याशी गवतात आडवं पडायचं, चपला उशाला. तिथं पडल्या पडल्या म्हणालात, "बारमदी उभं ऱ्हानाऱ्यानं जिभेचं लाड खाऊन करावं. पिऊन कराया गेला की संपला, पोरा." तुम्ही आयुष्यभर दारू ओतलीत आणि बोटाला लागली तर फडक्याला पुसलीत.

परवा बारमध्ये एक आयटीतला पोरगा आला होता, रावेतला नवीन फ्लॅट घेतलाय म्हणाला. "भाऊ, इथं खायला-प्यायला, निवांत बसायला भारी कुठंय?" मी तुमच्याच सगळ्या जागा सांगितल्या. तो म्हणाला, "हे खायचं झालं. प्यायला?" म्हटलं, "प्यायला आमच्याकडं ये की राव." हसलो दोघं. आता ते हसणं आठवलं की अंगावर येतं.

कारण तुमचा धाकटा प्यायला लागलाय, भाऊ. आडवळणानं लिहून काय उपयोग? चाकणच्या कंपनीत चांगला पर्मनंट आहे, पण दोनदा दारू पिऊन शिफ्टला गेला आणि दोन्ही वेळेला गेटवरून परत आला. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, लेकीला घेऊन रावेतला माहेरी निघून गेल्या. मग कुठं साहेब दवाखान्यात गेले, गोळ्या सुरू झाल्या, आणि आठवड्याहून जास्त दिवस कोरडे काढले. वहिनींचा निरोप आला: गांधी जयंतीला संध्याकाळी या. शुद्धीत असलात तर पोरीला घेऊन घरी येते, नसलात तर पुन्हा तोंड दाखवू नका. तो माझ्याकडं आला नि म्हणाला, "दादा, तू चल बरोबर. मी एकटा रावेतपर्यंत पोचत नाही." एवढा मोठा बाप्या, आणि हे वाक्य बोलताना माझ्याकडं बघत नव्हता. तुमचा राग आला मला. असं मध्येच सोडून जायचं असतं का?

मग मी ठरवलं, दिवसभर याला हातातून सोडायचं नाही. तुमचीच वाट धरली. सकाळी भोसरीत पोह्यांची गाडी. तिथला पोहेवाला अजून वरून रस्सा ओतून देतो. हा अर्धी प्लेट खातो आणि पाणी पितो, पुन्हा पाणी पितो. मी विचारतो, "काय होतंय?" तर म्हणतो, "काही नाही, चल." गाडीवर मागं बसला की त्याचा गुडघा माझ्या मांडीला लागून सारखा हलतोय. चाकणला खानावळीतल्या मावशींनी पिठलं वाढलं, भाकरी वाढली, ठेचा वाढला. लातूरकडच्या बाई, त्यांना कुणी ताटात टाकलेलं चालत नाही. "का ओ, आज कामून असं चिवडायलाव? बरं न्हाई का?" हा म्हणाला, "मावशी, जेवतो की." आणि खरंच सगळं खाल्लं, घाम पुसत पुसत. मला वाटलं, जिंकलो. पोट भरलेल्या माणसाला कशाला आठवण येतेय? मूर्ख मी. इतकी वर्षं काऊंटरमागे उभा आहे, भरल्या पोटी मागणारे काय कमी पाहिलेत?

तळेगाववरून देहूरोडला आलो. बाजारातल्या आपल्या दुकानात चहा सांगितला. हा म्हणाला, "दादा, लघवीला जाऊन येतो." चहा आला. चहावर साय धरली. मी खारी बुडवली, ती मोडून कपात पडली, तरी हा नाही. फोन केला, उचलेना. ड्राय डेला कुठं मिळते हे सगळ्यात चांगलं कुणाला माहीत असतं? आपल्यालाच. मी उठलो आणि न विचारता सरळ त्या गल्लीत गेलो. दारूच्या दुकानाचं शटर बंद, शेजारच्या बोळात एक पोरगा गोणपाटावर बसलेला, गोणपाटाखाली काय ते सांगायला नको. आणि तुमचा धाकटा त्याच्यासमोर उभा. हात खिशात.

"घेतली का?" मी ओरडलोच.

"न्हाई."

"खोटं बोलू नको हां!"

"नुसता उभा होतो, दादा. आईशप्पथ. नुसता उभा होतो."

त्याचं तोंड हुंगायला मी एवढा पुढं झालो आणि थांबलो. नाही हुंगलं. ज्याला हँडलला धरून उभा असलेला पाहिलाय त्याचं तोंड कसं हुंगायचं? पण मग विश्वासही बसेना. डोंगराच्या पायथ्याशी नेऊन बसवला. तो गवतावर पडून आभाळाकडं बघत राहिला, मी त्याच्याकडं. एकदा फक्त तुमची आठवण काढून म्हणाला, "अण्णा इथं घोरायचे." मग रावेतकडं गाडी काढली. प्रत्येक सिग्नलला मला वाटत होतं की मागून वास येतोय. पुढच्या सिग्नलला वाटायचं, छे, आपल्याच मनाचे खेळ.

वहिनी सोसायटीच्या गेटवर खाली आल्या. वॉचमन बघतोय, वरच्या गॅलरीत पोरगी जाळीला लागून उभी. वहिनी त्याच्या अगदी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "श्वास सोडा." त्यानं डोळे मिटून सोडला. मी माझा धरून ठेवला होता. वहिनी एक पाऊल मागं सरल्या. मग म्हणाल्या, "नाही घेतलेली." डोळे भरले होते त्यांचे. मी सुटलो एकदाचा. म्हटलं, "वहिनी, सकाळपासून माझ्याबरोबर आहे. थेंब नाही. भरा आता बॅग."

त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "भावजी, आजचं काय कौतुक सांगता? आज सरकारनंच बंद ठेवलीय. उद्या तुमचा बार उघडेल. उद्या यांना असंच आणून दाखवा, मग मी बॅग भरते."

पोरीला त्यांनी खाली पाठवलं, तेवढं मन मोठं केलं. बापलेक पार्किंगमध्ये दुचाकीवर बसून काहीबाही बोलत होते. मला वहिनींचा इतका संताप आला की वॉचमनवर खेकसलो उगाच. भोसरीला त्याला खोलीवर सोडेपर्यंत धुमसत होतो. मग हळूहळू कळलं की बाई बरोबर बोलली. त्या एका वाक्यात तिनं मलाही पिंजऱ्यात उभं केलं होतं.

आज बार उघडाय आणि मी सुट्टी टाकलीय. शेठ फोनवर तापला, तापू दे. जरा वेळानं धाकट्याला उचलायला जातो. जागा त्याच: पोहे, पिठलं, चहा, डोंगर. फक्त आज प्रत्येक जागेच्या शेजारचं शटर वर असणार. भीती वाटतेय, भाऊ, त्याची कमी आणि माझी जास्त. तुम्ही गिऱ्हाइकांना माझ्याबद्दल छातीठोक सांगायचात, "ह्यो थेंबाला शिवत न्हाई." हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच लिहायला धजावतोय: तुम्ही गेल्यावर शिवलो. आता रोज लागते, घरी, एकट्यानं, कपाटात असते. काल पहिल्यांदा घेतली नाही. दिवसभर त्याच्याइतकीच मलाही कोरड पडत होती. त्याला सोडल्यावर घरी जायची हिंमत होईना म्हणून भोसरीच्या तळ्याकाठी माणसं पांगेपर्यंत बसून राहिलो. त्याला यातलं काही माहीत नाही, तो माझ्या भरवशावर आहे. आणि वहिनींनी काल वास घेतला तो फक्त त्याचा.