शेंदराखालचा नंबर

अण्णा, तुमच्या गाडीचा विमा अखेर उतरवला. एवढंसं वाक्य, पण ते लिहिता येण्यासाठी पाडव्यापासून नवरात्र तोंडावर येईपर्यंत वाट पाहावी लागली. तुम्ही गेलात तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो. आता हिंगोली स्वतःच जिल्हा आहे, पण तुमच्या गाडीच्या पाटीवर अजून परभणीचाच नंबर आहे आणि त्यावरून पहिल्याच एजंटानं मला विचारलं, "गाडी तिकडची, तुमी इकडच्या, मंग गाडी नेमकी कोणाची?" मी म्हटलं, गाडी जागची हललेली नाही, जिल्हा हलला. तो हसला नाही. विमा विकणारी माणसं सहसा हसत नाहीत, हे मला या काळात चांगलंच कळलं.

गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्येच होती. शाळेची नोकरी हिंगोलीतच असल्यामुळे आईजवळ राहिले ती मीच, आणि शेडची किल्ली आपोआप माझ्याकडे आली. इतकी वर्षं ताडपत्री टाकून ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी वसमतचा एक मिस्तरी भेटला, त्यानं इंजिन खोललं, ट्यूब-टायर बदलले, आणि एका दुपारी ती सुरू झाली. आवाज ऐकून आई चुलीपुढून उठून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.  त्या दिवशीची भाजी करपली.

गाडी सुरू झाल्याची बातमी पुण्याच्या एका हौशी माणसापर्यंत पोचली. जुन्या गाड्या गोळा करतो. दोन दारांची, लांब नाकाची ती विलायती गाडी पाहायला तो इथवर आला, तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि बॉनेट उघडल्यावर तोंड वाकडं केलं. म्हणाला, घेतो, पण हे इंजिन काढून टाकीन आणि मूळचं शोधून बसवीन. हैदराबादच्या भंगारातून तुम्ही पारखून आणलेलं जपानी इंजिन, पुढचे बदललेले ब्रेक, खाली बसवलेल्या स्प्रिंगा, सगळं त्याच्या लेखी खराबी. मला त्याचा असा राग आला की चहात साखर घालायची राहिली. मुद्दाम नाही घातली म्हणा हवं तर.

धाकट्याचं म्हणणं मात्र सरळ होतं, आणि त्याला मी दोष देत नाही. फोनवर म्हणाला, "ताई, गाडी दोघांची हाय. उद्या शेडला आग लागली, न्हाईतर तू कुठं धडकवलीस, तर माझ्या हाती काय राहतं? दसऱ्यापर्यंत पुरा विमा उतरव, तोही परवडंल असा. न्हाई जमला तर देऊन टाकू पुण्याला." झालं. तेव्हापासून माझ्यापुढं एकच गोष्ट होती. विमा मिळाला तर तुमची गाडी तुम्ही केलीत तशी राहणार होती, नाही मिळाला तर तुमचं इंजिन परत भंगारात जाणार होतं.

दुसऱ्याला धक्का लागला तर त्याची भरपाई देणारा विमा मिळायला अडचण नव्हती, तो कायद्यानंच लागतो. त्याच्यावर नोंदणीसुद्धा नवी झाली. मिस्तरीनं गाडी ट्रकवर चढवून आरटीओत नेली आणि आणली, आणि तिथल्या साहेबानं जुन्या आरसी पुस्तकावरूनच नंबर उतरवून घेतला. घोडं अडलं ते गाडीच्या स्वतःच्या विम्यापाशी. एकानं गाडीचं वर्ष ऐकूनच फोन ठेवला. नांदेडच्या एका बाईंनी फार आपुलकीनं ऐकून घेतलं, मग कॉम्प्युटर माझ्याकडं वळवून दाखवला, "पहा ना मॅडम, ह्या गाडीत हे इंजिन दाखवूनच न्हाई राहिलं." त्या यंत्राच्या दृष्टीनं तुमची गाडी जगातच नव्हती. आणखी एकानं आकडा सांगितला तो असा, की दर वर्षी एक नवी स्कूटर घेऊन रस्त्यावर सोडून दिली असती तरी स्वस्त पडलं असतं.

आणि मग तो भेटला, ज्यानं सगळं सोपं करून टाकलं. आपल्याच गावचा, नात्यातला नसला तरी सगळे ज्याला मामा म्हणतात तो. त्यानं फाइल मिटली आणि म्हणाला, "इंजिन बदललं हे सांगायचंच काहून? ओरिजिनल म्हून टाकू. कोण येऊन पाहून राहिलं?" खोटं कशाला बोलू, अण्णा, माझी जीभ हो म्हणायला पुढं आली होती. पैसे बेताचे, काम एका दिवसाचं. पण नेमका मला आपल्या गॅरेजातला एक दिवस आठवला. साखरा गावचा एक जीपवाला आलेला आहे, त्याला जीप विकायची आहे, चेसीला, खालच्या सांगाड्यालाच, चीर गेली आहे. तुम्ही वेल्डिंग करताय आणि तो वरून सांगतोय, मिस्तरी, वरून असा रंग मारा की दिसलं न्हाई पाहिजे. तुम्ही तोंडावरची काच वर करता. "दिसू दे. ज्याला घ्यायची तो पाहून घेईल. माझं काम लपवायजोगं असतं तर मी केलंच नसतं." तो गेला रागावून, पैसेही उद्या देतो म्हणाला. मी तिथंच पोत्यावर बसून अभ्यास करत होते. मामाला मी म्हटलं, नको, जे केलंय ते सांगूनच काय मिळेल ते बघू. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं लोक तुमच्याकडं पाहायचे.

त्या वेळी घरात तुमच्या गाडीचं कौतुक नव्हतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. आई तिला सवतच म्हणायची. परभणीच्या डॉक्टरांनी हौसेनं घेतली, पार्ट मिळेनात म्हणून तुमच्या गळ्यात मारली, आणि तुम्ही ती हसत हसत बांधून घेतलीत. एकदा तुम्ही कार्बोरेटर धुवायला स्वयंपाकघरातली कणकेची परात नेलीत. रॉकेलचा वास त्या परातीला आठवडाभर होता, भाकरीलाही होता, आणि आई तुम्हाला वाढताना मोजून एवढंच म्हणायची, "घ्या, सवतीच्या हातची." तुम्ही मुकाट्यानं खायचात. आता लोक मला सांगतात की अण्णा ती गाडी अडल्यानडल्या पेशंटसाठी पळवायचे. एखाददुसरा नेलाही असेल. पण खरं सांगायचं तर तुम्हाला जोरात जायची हौस होती. शिरड शहापूरच्या बाजूला सरळ रस्ता लागला की तुमचा चेहराच बदलायचा. पुण्य म्हणून तुम्ही काही केलं नाहीत, आणि मला तुम्ही तसेच बरे वाटता.

शेवटी मुंबईची एक कंपनी मिळाली. जुन्या गाड्यांचाच विमा करते, बदल केलेले असले तरी. गाडीची किंमत आधीच कंपनीनं आणि आपण मिळून ठरवायची, रोज फिरवायची नाही, शर्यतीत न्यायची नाही. हप्ता परवडणारा होता. आणखी एक अट, त्यांचा माणूस येऊन गाडी तपासणार. भाद्रपद संपत आला तेव्हा तो आला, परभणीकडचाच, बोलणं निम्मं हिंदी. आईनं त्याच्यासाठी पोहे केले होते, शेड झाडली होती, गाडीला हार घातला होता. मुलगी दाखवायचीच तयारी. तो बिचारा हार बाजूला करून फोटो काढत होता.

सगळं पाहून झालं आणि त्यानं बॅगेतून कागद आणि पेन्सिल काढली. चेसीवर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवायची, की नंबर कागदावर उठतो. तो छाप नसला तर कंपनी फाइल उघडतच नाही. त्यानं इंजिनामागच्या पत्र्यापाशी डोकं घातलं, मग वर काढलं. "मॅडम, नंबर किधर है? यहाँ तो भगवान बैठे हैं।"

अण्णा, तुम्हाला हे माहीत होतं का? मला नव्हतं. आईचं माहेर देवळातल्या पूजेकऱ्यांचं. तिथल्या मारुतीचा शेंदूर ती डबीत आणून ठेवायची. गाडी आली त्या दसऱ्यापासून ती बॉनेट उघडून आतल्या एका सपाट जागेवर तेल-शेंदराचं बोट लावत आली होती. दर दसऱ्याला, आणि मधे तुम्ही लांब निघालात की तेव्हाही. तुम्ही गेल्यावरही लावत राहिली. ती सपाट जागा म्हणजेच नंबराची पट्टी. तिच्यावर आता चांगला मुठीएवढा शेंदराचा गोळा चढला होता, बांधावरच्या म्हसोबासारखा. मी आईला विचारलं, हे कशासाठी? ती माझ्यावरच डाफरली. "कशासाठी म्हंजे? ते किती जोरात जायचे, तुला म्हाईत न्हाई? मी घरी बसून दुसरं काय करणार व्हते?"

तपासनिसानं खिशातून पेचकस काढला. आईनं त्याचा हात धरला. "हात लावू नगा. खरवडायचं नसतं." तो म्हणाला, "माँजी, नंबर के बिना कुछ नहीं होगा। दुबारा आने को महिना लगेगा।" महिन्यानं दसरा उलटून गेला असता.  इतक्या वर्षांची तिची भीती त्या पत्र्यावर चिकटलेली होती, आणि ती पुसून टाक असं म्हणायला माझी जीभ रेटेना. गाडी गेली तरी चालेल, असं मला त्या क्षणी वाटून गेलं.

आई आत गेली. आम्हाला वाटलं रुसली. न्हाणीत पाण्याचा आवाज आला. मग ती धुतलेलं लुगडं नेसून, वाटीत कोमट तिळाचं तेल घेऊन आली आणि तपासनिसाला म्हणाली, "तुमी जेवून घ्या. घाई करू नगा. देवाच्या अंगावरची शेंदराची खोळ अशी ओढून काढत न्हाईत, तिला सुटू द्यावं लागतं. माझ्या बापानं सुटू देलेली मी पाह्यली हाय." ती स्टूलावर बसली आणि बोटानं कडेकडेनं तेल जिरवत राहिली. तो जेवला. मग इंजिन पाहू लागला, मग खाली आडवा होऊन ब्रेक पाहू लागला आणि खालूनच विचारू लागला, हे वेल्डिंग कोणी केलं, हे ब्रॅकेट कोणी बनवले. मी प्रत्येक वेळी म्हटलं, वडिलांनी. फार बरं वाटत होतं ते म्हणायला. उन्हं कलली तेव्हा आईनं तळहात खाली धरला आणि तो गोळा अख्खाच्या अख्खा तिच्या हातात आला.

आजूबाजूचा पत्रा गंजानं खाल्लेला आणि मधे ती पट्टी लखलखीत. एकही आकडा झिजलेला नाही. तपासनिसानं तिच्यावर कागद ठेवला आणि पेन्सिल फिरवली. जाताना आईच्या पाया पडला. आईनं तो गोळा नव्या फडक्यात बांधला, दुसऱ्या दिवशी कयाधू नदीवर जाऊन पाण्यात सोडला. परत येताना रिक्षात म्हणाली, "आता राखण तुह्या इम्याकडं."

कागद आले. त्यात इंजिन तुमचंच आहे, जसं आहे तसं, आणि त्याची किंमतसुद्धा धरलेली आहे. धाकटा खूश झाला, पुण्याच्या माणसाला मी स्वतः फोन करून नाही म्हटलं, तेही गोड आवाजात. संध्याकाळी आईला सगळं वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे जळली, पडली, तर गाडी देतील?" मी म्हटलं, गाडी कुठून देतील, आई? तिच्या किमतीचे पैसे देतील. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "व्हय का. तसे पैसे मला एकदा मिळालेत. तुहे अण्णा गेले तवा देले व्हते आणून."

तुम्ही गाडीत गेला नाहीत. छातीच्या दुखण्यानं, आपल्या खाटेवर गेलात. तुमच्या त्या विम्याच्या पैशावर माझं शिक्षण झालं, धाकट्याचं झालं, हे घर शाकारलं गेलं.  मी तिच्या सुपातल्या शेंगा घेतल्या आणि फोडत बसले.

हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्न नाही, ते कपाटातल्या पांघरुणाखाली जाईल. तुमच्या कानावर फक्त एक गोष्ट घालायची राहिली. दसरा होऊन गेला, कागद पुरे आहेत, बॉनेटखाली शेंदूर नाही, आणि मी अजून गाडी फाटकाबाहेर नेलेली नाही. आई रोज सकाळी डोक्यावर पदर घेऊन तयार होते आणि विचारते, "आज काढून राहिली का गाडी?" मी सांगते, पेट्रोल नाही. अण्णा, टाकी भरलेली आहे.