नखानं तपासलेली कड

अण्णा,

शाळेला जायच्या घाईत मी ओट्यापाशी उभी होते आणि माझ्या बोटातून रक्त येत होतं. कंपासपेटीच्या झाकणाची कड लागली होती. तुमची सेकंड शिफ्ट होती, म्हणून तुम्ही घरी होतात. माझं बोट नळाखाली धरलंत, हळद दाबलीत, मग हत्यारांच्या पिशवीतून सगळ्यांत बारीक कानस काढून त्या कडेवरून चार-सहा वेळा फिरवलीत. नंतर डोळे मिटून अंगठ्याचं नख कडेवरून हळूच ओढलंत. “आता तू बघ.” मी वाकून बघायला लागले तर हसलात. “डोळ्यानं न्हाई. डोळा फसतो. नखानं बघ.” “अण्णा, ‘नाही’ म्हणायचं,” मी म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये जायला लागल्यापासून मी तुम्हाला बोलायला शिकवत होते. तुम्ही मान डोलावलीत आणि पेटी माझ्या दप्तरात ठेवलीत. ती पेटी आज माझ्यासमोर आहे.

तुम्ही आकुर्डीच्या कंपनीतून निवृत्त झालात तेव्हा मी विमा कार्यालयात अधिकारी झाले होते. घरात कशाची ददात नव्हती. तरी महिन्याभरात तुम्ही भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये जायला लागलात, सकाळचे चार तास. मालक एकेकाळी तुमच्याच हाताखाली शिकलेला. धातू कापला की कडेला बारीक धार उरते, ती कानशीनं काढायची, एवढंच काम. येताना तुम्ही गुणगुणत यायचात. शर्टाला ऑइलचा वास. मी चिडायचे. “लोक काय म्हणतील अण्णा? मुलगी सांभाळत नाही म्हणतील.” तुम्ही दोन्ही पंजे माझ्यापुढे धरायचात. “अगं, घरी हे वळवळत्यात. तिथं गेलं की गप होत्यात.”

एका दुपारी मी ऑफिसातून परस्पर भोसरीला गेले आणि मालकाला सांगितलं, अण्णांना ठेवू नका. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. “ताई, खरं सांगू का? काकांचा हात आता थरथरतो. निम्मे पीस मी संध्याकाळी परत घासतो. पण ते आले की दुकान दुकान वाटतं. राहू द्या की.” ते ऐकून माझं मन भरून यायला हवं होतं. मला लाज वाटली, माझ्या वडिलांना कोणी दयेनं बसवून ठेवतंय याची. “काम संपलं म्हणून सांगा,” मी म्हटलं. त्यानं सांगितलं, आणि तुमचा विश्वास बसला, कारण त्यानं तुम्हाला त्याआधी कधी खोटं सांगितलं नव्हतं.

मग दर सोमवारी तुम्ही दाढी करून, पिशवी मांडीवर घेऊन गॅलरीत बसलेले. “ऑर्डर आली असंल का गं?” एकदा म्हणालात, “तुझ्या वाटंवरच हाय. जाता जाता बघ, शटर वर हाय का खाली.” संध्याकाळी मी सांगितलं, “खाली आहे, अण्णा.” त्यानंतर तुम्ही विचारलं नाहीत. पिशवी खुंटीला टांगलीत. पुढचा गणपती तुम्हाला दिसला नाही. डॉक्टर हृदयाचं काहीतरी सांगत होते, मी नुसती मान हलवत होते.

निवृत्तीनंतर मलाही घर खायला उठलं. आता चाकणजवळच्या एका छोट्या कारखान्यात आठवड्यातून तीन सकाळी तपासणीच्या टेबलावर बसते. चिंचवडहून त्यांची गाडी नेते. पितळेचे छोटे भाग हातात घ्यायचे. कड गुळगुळीत असली की निळा ट्रे, नसली की लाल. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून नख ओढलं तर शेजारची लातूरकडची मुलगी खुदकन हसली. “मॅडम, झोपायलाव का?” मी तिला तुमची रीत शिकवली. खरं सांगते अण्णा, इतकी वर्षं फायली हाताळल्या, पण सकाळी उठून साडी नेसावीशी मला त्या टेबलासाठी वाटली.

शुगरनं बोटं बधिर होत गेली. चहा गरम आहे हे ओठ भाजल्यावर कळायचं. मला माहीत होतं, तरी मी नख ओढत राहिले. गेल्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत चष्मा विसरला म्हणून टेबलाकडे परत आले, तर ती लातूरकडची मुलगी माझा निळा ट्रे पुढ्यात घेऊन बसलेली. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हाताचं नख कडेवर, डोळे मिटलेले. शेजारचा लाल ट्रे निम्मा भरला होता.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दिवाळीपासून. रागवू नका मॅडम. तुमी आलाव की करमतंय. मी बघायलेय की, काय बिघडतंय?”

भोसरीचा मालक याहून वेगळं काय म्हणाला होता? मी तुमच्यापासून जे हिसकावलं, तेच मला न मागता मिळालं, आणि ते माझ्या घशाखाली उतरत नाही. दिवाळीपासून त्या पोरीला धड जेवता आलेलं नाही.

आमच्या शाळेच्या चर्चमध्ये एक लाकडी खोपटं होतं. ख्रिस्ती मुली आत जाऊन फादरना आपल्या चुका सांगायच्या आणि बाहेर आल्या की धावत सुटायच्या. आम्ही बाकीच्या बाकावर बसून त्यांची दप्तरं सांभाळायचो.

सोमवारी मी काम सोडते आहे. त्यानंतरचे सोमवार कसे जातात, ते मी तुमच्या तोंडावर पाहिलेलं आहे. टेबलावरचं माझं तपासणीचं भिंग त्या मुलीला द्यायचं. खुर्चीवरची उशीही तिलाच, तिची पाठ दुखते. तुमच्या मोठ्या कानशी भोसरीच्या मालकाला. तोही म्हातारा झाला असेल, पण हातात घेताच ओळखेल. बारीक कानस आणि कंपासपेटी कुणाला द्यायच्या नाहीत, त्या माझ्याबरोबर जाऊ देत. हे पत्र त्याच पेटीत राहील.

एक राहिलं. त्या दिवशी शटर वर होतं, अण्णा. मी आत जाऊन चहा घेतला. तुमचं स्टूल पुसून, तिथंच ठेवलेलं होतं. त्यावर मालक दुसऱ्या कुणाला बसू देत नव्हता. मला दिलं. मी बसले.