वरचे चार स्पीकर

प्रिय वल्ली,

कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. आधी व्हॉइस नोटच करायला बसलेले. तीनदा रेकॉर्ड केली, तीनदा ऐकली आणि तीनदा डिलीट केली. आपलं कामच असं, की स्वतःचा आवाज ऐकला तरी कुठे श्वास अडकला आणि कुठे शब्द गिळला ते लगेच कळतं. शेवटी वहीची पानं फाडली. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या पळाल्यासारखं. सांभाळून घे.

इथलं सगळं ठीक. बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले आणि आता दिवसभर स्टुडिओच्या जिन्यात खुर्ची टाकून बसतात. कोण आलं, कोण गेलं, सगळी खबर त्यांच्याकडे. वरच्या स्पीकरना ते अजून 'डोक्यावरचे डबे'च म्हणतात. आपण ते लावले तो दिवस आठवतो का तुला? तू डोंबिवलीहून स्कूटरवर आलेलीस, शीळफाट्याला दीड तास अडकून, चेहरा धुळीने पांढरा. मिक्स करणाऱ्याच्या खुर्चीला, बरोबर कानाच्या उंचीवर, तू सुतळी बांधलीस आणि तिचं दुसरं टोक धरून शिडीवर चढलीस. कोन मोजायला शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक. बाबा खाली शिडी धरून उभे, आणि सारखे विचारत होते की हे पोरीच्या डोक्यात पडणार नाहीत ना. भोवती सात, खाली एक ढमढम करणारा, आणि वर चार. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर तू खुर्चीत बसलीस, डोळे मिटलेस आणि नुसती टाळी वाजवलीस. मी म्हटलं, कशी वाटतेय खोली? तू म्हणालीस, आता हिला घाई करायची नाही.

मी घाई केली. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी नवीन कामाचं सांगते, कारण ते फक्त तुलाच नीट कळेल.

माझी ठमा आत्या तुला माहीत आहे, हळदीला तुझ्या गालाला बळजबरीने पिवळं फासणारी. आत्या धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात मांडव घालण्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवल्यांची गाणी लागतात. धवलारणीने गाणं सुरू केल्याशिवाय नवऱ्यामुलाला हळदसुद्धा लागत नाही. आत्याला आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. सगळं तोंडपाठ, कागदावर एक ओळ नाही. गेल्या वर्षी चुलतभाऊ हितेशचं लग्न ठरलं तेव्हा मी आत्याला म्हटलं, या वेळी तुझं सगळं गाणं रेकॉर्ड करते. स्टुडिओत चल म्हटलं तर साफ नाही म्हणाली. मांडव नसेल तर मला आठवत नाही, असं तिचं म्हणणं. मग मीच सामान घेऊन मांडवात गेले. आत्या मधे, तिच्या उजवीकडे गोदाबाई, मागे तिघी बायका. प्रत्येकीपुढे एक माइक, आणि बांबूला बांधून वर दोन, कापडाच्या अगदी जवळ. सकाळी सातपासून दुपारपर्यंत त्या गात होत्या. मधे चहा, मधे भांडण, मधे कोणाचं तरी लेकरू माइकवर शिंकलं. सगळं आलंय.

मग मिक्सला बसले आणि पुन्हा तेच करून ठेवलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. वर चार स्पीकर आहेत म्हटल्यावर ते गप्प बसलेले मला बघवत नाहीत. पाचही जणींचे आवाज उचलून वर नेले, आत्याच्या बांगड्या डावीकडून उजवीकडे फिरवल्या, हळद दळायच्या जात्याची घरघर छतात. मला भारी वाटलं. आत्याला बोलावलं, खुर्चीत बसवलं, लावलं. ती दोन ओळी ऐकून वर बघायला लागली. मग म्हणाली, "आमी काय माल्यावर बसून गातू काय गो?" बाबा जिन्यातून खो-खो हसले. मी पण हसले, पण ती उठून गेल्यावर मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी आवाजाचे सगळे फेडर खाली केले आणि तुझ्यासारखं सुरू केलं. तू नेहमी विचारायचीस, तिथे वर खरंच काय होतं ते आधी सांग. तर मांडवात वर काय होतं? पिवळं कापड होतं, त्याच्यावर पत्रा होता, पत्र्यावर कबुतरं होती. बायका जमिनीवर बसून गात होत्या आणि त्यांचा आवाज पत्र्याला लागून थोडा मऊ होऊन खाली येत होता. बस, एवढंच. म्हणून बायकांना खाली आणलं, कानासमोर, हाताला लागतील अशा. वरच्या चारमध्ये फक्त ते बांबूवरचे दोन माइक आणि थोडा पोकळ गुंजारव. त्यातला खालचा जाड भाग काढून टाकला, कारण तो वर गेला की सगळं डोक्यावर ओझं ठेवल्यासारखं होतं. जातं जमिनीवरच ठेवलं. दर अर्ध्या तासाने दोन स्पीकरवर आणि साध्या हेडफोनवर ऐकून बघितलं, कारण अर्धं गाव हे मोबाइलवरच ऐकणार. आणि तुझी ती परीक्षा. वरचे चालू असताना कळू नयेत, बंद केले की चुकल्यासारखं वाटावं. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदाही. चौथ्या दिवशी बाबांना बसवून, न सांगता बंद केले. ते म्हणाले, मांडव कोणी काढला?

एकाच जागी मी वरचे मोठे केले. पाठवणीच्या धवल्यात शेवटी पाचही जणी एकदम आवाज चढवतात, तिथे फक्त चार ओळींपुरता आवाज वर जाऊ दिला. आधी सत्तावीस मिनिटं तिथे बायकांचा थेट आवाज टाकला नव्हता, म्हणून ते ऐकताना अंगावर काटा येतो.

आत्याला परत बोलावलं. गोदाबाई फेब्रुवारीत गेली, तुला सांगायचं राहिलं. लग्नानंतर तीन महिन्यांतच. आत्या खुर्चीत बसली, मी सुरू केलं. या वेळी तिने वर बघितलं नाही. पदर डोक्यावर घेतला आणि मांडवात बसते तशी थोडी पुढे झुकली. तिसऱ्या धवल्यात एका जागी ती नेहमी ओळ विसरते आणि गोदाबाईच्या मांडीवर थाप मारते, मग गोदाबाई शब्द पुरवते. ती जागा आली आणि आत्याचा हात उजवीकडे गेला. खुर्चीच्या बाजूला, हवेत. स्पीकरमधून गोदाबाईने शब्द सांगितला. आत्याने हात तसाच थोडा वेळ ठेवला आणि मग मांडीवर घेतला.  संपल्यावर ती एवढंच म्हणाली, पुन्हा लाव.

वल्ली, ही सगळी रीत तुझी आहे. धवल्यांच्या या अल्बमवर मिक्सच्या खाली दोन नावं टाकली आहेत, तुझं वर आणि माझं खाली. तुला न विचारता टाकली. पण तेवढ्याने भागत नाही.

तीन वर्षांपूर्वीचा नीलाताईंचा अल्बम. आपलं पहिलं मोठं काम. तू गुरुवारी मिक्स पूर्ण केलास, आणि त्याच संध्याकाळी तुझ्या बाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून कल्याणच्या हॉस्पिटलात पळालीस. शनिवारी फाइल कंपनीला पाठवायची होती. शुक्रवारी मी एकटीने बसून तुझा मिक्स ऐकला आणि मला वाटलं, वर काहीच नाहीये. कंपनीची माणसं म्हणतील, चार स्पीकर कशाला टांगलेत मग? मी बासरी वर नेली. टाळ वर नेले. आणि नीलाताईंच्या आवाजाची एक कॉपी करून, जराशी उशिरा, वरच्या चारमध्ये टाकली. आपल्या खोलीत तो आवाज देवळाएवढा मोठा वाटला. हेडफोनवर ऐकायचं मला सुचलंच नाही. तिथे दोन्ही आवाज एकात आले आणि एकमेकांना खाऊन बसले. बाई विहिरीतून गाते आहे, असं कंपनीने लिहिलं आणि काम दुसरीकडे दिलं. ईमेल तुझ्या नावाने आला, कारण मिक्स तुझ्या नावावर होता.

तू हॉस्पिटलातून थेट स्टुडिओत आलीस. चार दिवस झोपलेली नव्हतीस. कॉम्प्युटरवर सेशन उघडलंस, वरच्या लेव्हल बघितल्यास आणि म्हणालीस, हे मी केलंय? मला आठवत पण नाही. मी तुझ्या मागे उभी होते, हातात चहाचे दोन कप. तेव्हाच बोलायचं होतं. मी कप ठेवले आणि म्हटलं, अगं, दमलेलीस तू, होतं असं. एवढंच म्हटलं. त्यानंतर तू दोन महिने प्रत्येक मिक्स मला चार-चार वेळा दाखवायला लागलीस, बरोबर आहे ना गं, म्हणून. मी बरोबर आहे म्हणायचे. मग तू चेन्नईला गेलीस, सिनेमातले संवाद साफ करायच्या कामाला. गाणं नको म्हणालीस. मला भीती होती की खरं सांगितलं तर तू मला सोडून जाशील. नाही सांगितलं, आणि तू गेलीसच.

इतकी वर्षं गप्प बसले, मग आजच का लिहितेय? रविवारी तुझ्या बाबांना बघायला डोंबिवलीला तुमच्या घरी गेलेले. ते मस्त आहेत, रोज दोन फेऱ्या मारतात. वासंतीकाकूंनी पोहे दिले आणि सहज म्हणाल्या की चेन्नईवाले वल्लरीला गाण्याच्या मिक्सिंगची अख्खी खोली द्यायला तयार आहेत, पण ती दोनदा नाही म्हणाली. म्हणते, माझे कान गाण्याला भरवशाचे नाहीत. त्यांनी येत्या सोमवारपर्यंत वेळ दिलाय.  मी काकूंना तिथेच सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलंय तसं.  त्या माझ्या हातातली डिश घेऊन आत गेल्या, नळ सुरू झाला, बंद झाला. बाहेर येऊन म्हणाल्या, हे तिला तूच सांगायचं, आणि या आठवड्यात. काल नीलाताईंनाही फोन करून सांगितलं. त्यांनी तुझा नंबर मागितला, मी दिला. कुरिअर शुक्रवारपर्यंत तुझ्याकडे पोचेल. सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये तुझा गुरुवारचा मिक्स आहे, मी हात लावण्याआधीचा, तारखेसकट. मी तो तेव्हाही पुसला नव्हता. परवा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, त्यात कुठेही काहीही चुकलेलं नाही. तुझे कान तेव्हाही बरोबर होते, वल्ली. मला माफ कर असं आत्ता म्हणत नाही, त्याला तू हवा तेवढा वेळ घे. माझ्याशी बोलू नये असं वाटलं तर तसं कर. पण सोमवारी त्यांना हो म्हण.

तुझीच,
दर्शना