जंगलाकडची बांधी

करडी, १२ मे २०२५

मंगेशा,

तुह्या मोठ्या बहिणीचा, बाईचा आशीर्वाद. आम्ही सारे बरे आहो. ऊन कडक आहे. भाऊजींचे गुडघे तसेच.

जंगलाकडची धानाची बांधी विकाची आहे, साफ करून ठेव, असं तू फोनवर म्हटलं. मी साफ केली नाही. कारण फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिवून राहिली.

बारा वर्षांत आपल्या धानाच्या जागी जंगल झालं. कोणी लावलं नाही. पाखरं फळं खाऊन बांधावरच्या मोहाच्या झाडावर बसतात, बिया खाली पडतात. चारोळी, निंब, उंबर असेच उगवले. जिथं बसाले झाड नाही, तिथं नुसतं गवत. नागपूरची अपेक्षा नावाची पोरगी याचाच अभ्यास करते. तिनं झाडांखाली जाळ्या बांधल्या. बुलबुल किती आले, हरियल किती, जाळीत कोणत्या बिया पडल्या, हे मी रोज सकाळी तिच्या वहीत लिवते. गवतात आम्ही बांबू रोवले, तर पाखरं त्याच्यावरही बसाले लागली. यंदा धनेशाची जोडी आली.

मागच्या आठवड्यात तिनं सहज विचारलं, एवढी चांगली बांधी पडीत काहून टाकली? मी गावात सांगतात तेच सांगतलं. माही भावजय रीना नवऱ्याशी भांडून एकटी निंदाले गेली, तिले साप चावला, मग भावानं तिथं नांगर घातला नाही. अपेक्षानं ते वहीत लिवलं.

त्या वहीत एका बीचीही चूक मी होऊ दिली नव्हती.

"ते खोडून टाक," मी म्हटलं. "खोटं आहे."

"मग खरं काय?"

"तिले मी पाठवलं."

मंगेशा, त्या दिवशी निंदाची पाळी माही होती. तुमचं भांडण झालं होतं, म्हणून रीना माह्याकडं येऊन बसली. राग उतरला तशी घरी निघाली होती. मी म्हटलं, मले ताप आहे, आज माह्या बदल्यात तू जा. ताप नव्हता. चिखलात उतराचा कंटाळा आला होता. ती खुरपं घेऊन गेली.

तेरवीच्या दिवशी तू म्हणाला, माह्यामुळं गेली. मी बाजूलेच बसली होती. गप्प राहिली. मग तू भिलाईले गेला. सांगाची वेळ निघून गेली, असं मी स्वतःले समजावत आली.

अपेक्षानं ती ओळ खोडली.

बांधी तुही आहे. विकली तरी मी आड येणार नाही. पण आधी एकदा येऊन पाह. मले जे बोलाचं, ते समोर बोल. मी ऐकून घेईन.

ती तुह्या भांडणापायी गेली नव्हती.

तिले पाठवणारी,
तुही बाई
रुखमिणी